दहा मीटरवरचा माणूस

निवृत्त होऊन तीन महिने झाले आणि मोजणीदाराने घरात मोजण्यासारखं होतं नव्हतं ते सगळं मोजून संपवलं. स्वयंपाकघराची खिडकी एका बाजूला अर्ध्या सेंटीमीटरने कलली आहे, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत नऊ पावलं आहेत आणि जिन्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे, हे त्याने बायकोला जेवता जेवता ऐकवलं. बायको म्हणाली, उद्या माझं माप घ्याल आणि मी कुठे कलले तेही सांगाल, त्यापेक्षा जरा घराबाहेर पडा. चौतीस वर्षं त्याने जमिनी मोजल्या होत्या. त्याचं पाऊल पंचाहत्तर सेंटीमीटरचं होतं, ना कमी ना जास्त, आणि चालताना तो मनातल्या मनात मोजत असायचा. तसं तो मोजतोय हे त्याचं त्यालाही कळत नसे.

शेवटी लेकीने त्याला कॅमेरा आणून दिला. नुसता कॅमेरा, लेन्सशिवाय. लेन्स तुमची तुम्ही निवडा बाबा, म्हणाली, तेवढाच तुमचा महिना जाईल. लेक बापाला ओळखून होती. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि नुकतंच तिने सातव्या मजल्यावर, वरच्या गच्चीसकट, घर घेतलं होतं. गच्चीच्या एका बाजूचा कठडा अजून बसायचा होता, म्हणून आई-वडिलांना तिने अजून वर नेलं नव्हतं.

कॅमेऱ्याचं दुकान एका वळणावर होतं, आत शिरायला अंग चोरावं लागे इतकं अरुंद. दुकानदाराच्या एका डोळ्याची पापणी कायमची अर्धी मिटलेली होती, त्यामुळे तो सदा कुणावर तरी नेम धरून बसल्यासारखा दिसे. रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचेत, असं मोजणीदाराने सांगितल्यावर त्याने फळीवरून तीन जुन्या लेन्स काढल्या आणि काचेवर ओळीने मांडल्या. पन्नासची, पस्तीसची आणि अठ्ठावीसची.

"ह्या जागच्या हलत नाहीत, साहेब," दुकानदार म्हणाला. "फिरवून लांबचं जवळ आणता येत नाही. पुढे-मागे व्हायचं ते आपण."

मग त्याने समजावून सांगितलं. आकडा जेवढा लहान, तेवढं लेन्सला जास्त रुंद दिसतं आणि तेवढं माणसाच्या जवळ जावं लागतं. पन्नासने लांबून निभतं, लाजऱ्या माणसाला ती बरी. पस्तीसने गप्पा माराव्यात एवढं जवळ जायचं. अठ्ठावीसला समोरच्याचा घाम दिसला पाहिजे. एकेक लेन्स आठवडाभर घेऊन जा आणि जी हाताला बसेल ती ठेवा, असं म्हणून त्याने पन्नासची कॅमेऱ्याला लावून दिली. वर एक इशाराही दिला. पन्नासने घरच्यांचा फोटो काढायला गेलात, तर सगळे मावेपर्यंत मागे सरकून सरकून पुरेवाट होईल.

"आणि सरकताना मागे बघत जा," तो हसत म्हणाला. "डोळा भिंगाला लागला की माणूस मागचं विसरतो. माझं एक गिऱ्हाईक असंच गटारात गेलंय."

मोजणीदार हसला नाही.  पाणी आहे का प्यायला, असं त्याने विचारलं, आणि दुकानदाराने दिलेला पेला दोन घोटांत रिकामा केला.

पहिल्या आठवड्यात तो रोज सकाळी दहाला बाहेर पडला. शटर वर ढकलणारा शिंपी, बसथांब्यावर उभ्या उभ्या पेंगणारी परिचारिका, भिंतीला पाठ घासणारं कुत्रं, दोन म्हाताऱ्यांचं भांडण. काढताना त्याला मजा येत होती, हे त्याने स्वतःशी कबूल केलं. रविवारी त्याने सगळे फोटो जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून बायकोला दाखवायला घेतले. बायको मटार सोलत होती. पंधरा-वीस फोटो झाल्यावर तिचा हात थांबला.

"हा पाइपवाला सगळीकडे कसा?"

माणूस गर्दीत होता, बाजूला, पण कुठेच झाकला गेला नव्हता. अंगावर मळकट सदरा, उजव्या हातात डोक्याच्या वर जाणारा उभा पाइप. आजूबाजूचे सगळे कुठे ना कुठे जात होते. हा सरळ उभा राहून कॅमेऱ्याकडे बघत होता. शिंप्याच्या मागे होता, परिचारिकेच्या मागे होता, म्हाताऱ्यांच्या भांडणात होता. नळ दुरुस्त करणारा असेल, त्याच भागात काम चाललं असेल, असं मोजणीदार म्हणाला. बायको म्हणाली की नळवाला आठवडाभर एका जागी उभा राहायला लागला तर जगबुडी जवळ आली समजा, त्यापेक्षा तो तुमच्या प्रेमात पडलाय हे जास्त पटतं. आणि तिने पुन्हा मटार सोलायला घेतले.

ती आत गेल्यावर मोजणीदाराने खणातून फूटपट्टी काढली. पडद्यावर फोटोची उंची अठरा सेंटीमीटर भरत होती. माणूस भरला सहा. पुढच्या फोटोत सहा. त्याच्या पुढच्यातही सहा. अकरा फोटोंत तो होता, आणि प्रत्येकात फोटोच्या बरोबर तिसऱ्या हिश्शाएवढा.

भिंगातून माणूस केवढा दिसतो त्यावरून तो किती लांब आहे हे काढणं, यावर तर मोजणीदाराने आयुष्यभर पोट भरलं होतं. त्याने कागदावर गणित मांडलं. दहा मीटर. रस्त्यावरचा माणूस कधी चार मीटरवर असतो, कधी चाळीसवर. हा दर वेळी दहावर होता. योगायोग, असं म्हणून त्याने कागद चुरगळला. थोड्या वेळाने उलगडून घडी घातली आणि खिशात ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात पस्तीसची लेन्स घेऊन तो मुद्दाम गावाच्या दुसऱ्या भागात गेला, कारखान्याच्या फाटकाशी, पाळी सुटायच्या वेळेला. तिथे शेकडो माणसं डबे हलवत बाहेर पडत होती. त्याने डोळ्यांत तेल घालून पाहिलं, पाइप घेतलेला कुणीही त्यांत नव्हता. घरी येऊन त्याने फोटो उघडले आणि फूटपट्टी लावली.

सहा.

लेन्स बदलली होती. रुंद लेन्समधून सगळं लहान दिसतं, फाटक लहान झालं होतं, माणसं लहान झाली होती. तो तेवढाच होता. म्हणजे तो पुढे आला होता. सात मीटर.

तेवढ्या जवळून पाइप पाइप राहिला नव्हता. ती चपटी पट्टी होती, तिच्यावर लाल-काळे आडवे पट्टे होते आणि पट्ट्यांशेजारी आकडे. मोजणीदाराने फोटो मोठा केला. आकडे उलटे रंगवलेले होते, डोकं खाली पाय वर. पूर्वीच्या मोजणीच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे, म्हणून पट्टीवरचे आकडे उलटे लिहीत, म्हणजे दुर्बिणीतून ते सरळ वाचता येत. आता तसल्या पट्ट्या कुणाकडे नव्हत्या. त्याच्या खात्याने त्या मोडीत काढल्याला बावीस वर्षं झाली होती.

आणि माणसाचा डावा हात अंगापासून थोडा सुटला होता.

बायको चहा घेऊन आली. तिने खुर्चीमागून वाकून पाहिलं. या वेळी तिने थट्टा केली नाही.

"अहो, हा कोण?"

"कुणी नाही," मोजणीदार म्हणाला. "रस्त्यावरचा कुणीतरी."

तिने त्याच्या मानेवर हात ठेवला, घाम आलाय म्हणाली, आणि पंखा लावून आत गेली. तिला तेव्हाच सगळं सांगता आलं असतं. तीस वर्षांत तिने त्याच्यावर कधी अविश्वास दाखवला नव्हता, आणि नेमकं तेच त्याच्या आड येत होतं.

बावीस वर्षांपूर्वी त्याच्या हाताखाली एक पट्टीवाला होता. दुर्बीण मोजणीदाराने लावायची, आणि समोर लांबवर पट्टी उभी धरायची ती पट्टीवाल्याने. तो गाणारा, बडबड्या माणूस होता, पण पट्टी हातात आली की पुतळा होई. कामाचा एक रिवाज होता. पट्टीवाल्याने मागे वळून बघायचं नाही. नजर सतत दुर्बिणीवर, म्हणजे मोजणीदाराच्या हातावर. हात वर आला आणि बोटं बाहेरच्या बाजूला हलली की मागे सरकायचं, मूठ मिटली की थांबायचं. मागे काय आहे ते बघणं हे मोजणीदाराचं काम. त्या दिवशी ते दगडाच्या खाणीवर होते. पट्टीवाला उभा होता त्या खुंटीपासून खाणीच्या काठापर्यंत चौदा पावलं, ती मोजणीदाराने सकाळीच स्वतः चालून पाहिली होती. त्याने मागे सरकायची खूण केली. मग आधीचा आकडा वहीत टिपायचा राहिलाय हे लक्षात आलं, म्हणून मान खाली घालून तो लिहू लागला. उजवा हात लिहीत होता. डावा हात हलतच राहिला.

मान वर करून त्याने दुर्बिणीला डोळा लावला तेव्हा शेवटचं तेवढं दिसलं. उलट्या दुर्बिणीत पट्टीवाला वर गेला आणि दिसेनासा झाला.

चौकशीत मोजणीदाराने लिहून दिलं की पट्टीवाला आपणहून मागे सरकला, खूण केली नव्हती. दुसरं कुणी पाहणारं नव्हतं. कागदावर शिक्का बसला आणि मेलेला माणूस निष्काळजी ठरला. घरी येऊन त्याने बायकोलाही तेच सांगितलं, आणि ती त्याच्यासाठी रडली.

अठ्ठावीसची लेन्स लावायला त्याचा हात धजत नव्हता. पण शेवटी तो मोजणीदार होता. दोन मापं जुळली तर तो योगायोग असू शकतो, तिसऱ्याने खात्री पटते, हे त्याने कित्येक नव्या पोरांना शिकवलं होतं. भर दुपारी तो एका बंद पडलेल्या गोदामासमोरच्या मोकळ्या डांबरी पटांगणात गेला. चहूकडे चिटपाखरू नव्हतं. उन्हाने डांबर मऊ झालं होतं आणि त्याचा वास येत होता. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. रिकामं पटांगण, लांबवर गोदामाचं दार. त्याने बटण दाबलं आणि कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर पाहिलं.

तो तिथे होता. साडेपाच मीटरवर. तोंडावर, केसांत, पापण्यांवर दगडाची पांढरी धूळ. नजर थेट भिंगात. डावा हात छातीपर्यंत वर आलेला, पंजा बाहेर, बोटं किंचित वाकलेली.

मोजणीदाराने मान वर केली. पटांगण रिकामं होतं.

पळून जावं असं त्याच्या मनात आलं, पण पाय उलट पुढे निघाले. सात पावलं आणि वर थोडं. त्या जागी डांबरावर चिमूटभर पांढरी भुकटी पडली होती. त्याने ती बोटाने उचलून चोळली. खाणीतली धूळ त्याच्या बोटांच्या ओळखीची होती.

त्या संध्याकाळी त्याने आणखी एक गणित केलं. फोनची लेन्स अठ्ठावीसपेक्षाही रुंद असते. फोनने फोटो काढला तर तो पावणेपाच मीटरवर येईल. त्याच्या घराची मोठी खोली पाच मीटर लांब होती. त्याने फोन खणात टाकला, आणि बायकोने विचारलं तर म्हणाला की आता खरा कॅमेरा असताना फोनने फोटो कशाला.

दुसऱ्या दिवशी त्याने अठ्ठावीसची दुकानात परत केली आणि पन्नासची मागितली. दुकानदाराला जरा वाईट वाटलं. रस्त्याची खरी गंमत पस्तीसमध्ये असते, असं त्याचं म्हणणं होतं. पन्नासच का, असं त्याने विचारलं.

"लांब राहतो," मोजणीदार म्हणाला.

"कोण?"

"सगळेच."

दुकानदाराने अर्धमिटल्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि लेन्स डबीत घालून दिली. बाहेर आल्यावर मोजणीदाराला कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेता आला. बायकोला खरं सांगण्यापेक्षा दहा मीटरचं अंतर घेऊन टाकणं सोपं होतं, आणि आपण सोपं तेच केलं हे त्याला कळत होतं. पण दहा मीटर म्हणजे दहा मीटर. खोलीत मावणार नाही एवढं अंतर. घरात तरी तो येणार नाही.

महिना बरा गेला. फोटो सुधारले. पट्टीवाला असायचाच, सहा सेंटीमीटरचा, आणि मोजणीदार फोटो बघताना त्या जागेवर अंगठा ठेवायला शिकला. फक्त एकदा अंगठा चुकून सरकला, तेव्हा त्याने पाहिलं की डावा हात आता खांद्याच्या वर गेलाय.

मग लेकीने एका रविवारी दोघांना बोलावलं. कठडा बसवणारा येत्या मंगळवारी नक्की येतोय, पण तिला आता दम निघत नव्हता. तिने गच्चीवर कुंड्या मांडल्या होत्या, दोन्ही टोकांपर्यंत, आणि बाबांनी नव्या कॅमेऱ्याने आईचा आणि तिचा फोटो काढलाच पाहिजे होता. अकराचं स्वच्छ ऊन होतं. जिन्याच्या खोलीचं दार गच्चीत उघडत होतं आणि त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला कठडा नव्हता. आधी तिथे दोरी बांधली होती, असं लेक म्हणाली, पण ती तिने वेल बांधायला घेतली. तिकडे कोण मरायला जातंय, असं ती म्हणाली आणि आईने तिला एक चापट मारली.

मोजणीदाराचे पाय आपोआप काठाकडे गेले आणि परत आले. जिन्याच्या भिंतीपासून काठापर्यंत चौदा पावलं.

 फोटो खाली घरात काढू, असं तो म्हणाला. लेक म्हणाली, घरात कुंड्या कुठे आहेत? वर ऊन डोक्यावर येतंय, असंही त्याने सांगून पाहिलं. बायको म्हणाली, पोरीचा एवढा हट्ट आहे तर काढा की, तुम्हाला कुठे पालखीत बसवून न्यायचंय. मायलेकी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, उघड्या दाराशेजारी. तो त्यांच्यासमोर तीन पावलांवर उभा राहिला आणि त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

आजवर पट्टीवाला फक्त फोटोत दिसायचा. आज डोळ्याला लावलेल्या व्ह्यूफाइंडरमध्येच होता.

दारातून आत, खोल अंधारात, तिसऱ्या हिश्शाएवढा. त्या दारामागे अडीच मीटरची खोली होती आणि मग जिना, हे मोजणीदाराने येतानाच मोजलं होतं. तिथे एवढं खोल काही नव्हतं. पट्टीवाला तरीही पट्टी धरून तिथे उभा होता.

"बाबा, कुंड्या सगळ्या यायला हव्यात. मागे जा."

तो मागे गेला. चार, पाच, सहा. लेन्स पन्नासची होती, जागची हलत नव्हती. मायलेकी लहान होत गेल्या. पट्टीवाला लहान झाला नाही. मोजणीदार जेवढा मागे गेला, तेवढा तो पुढे आला.

लेकीचा फोन वाजला. ऑफिसातून कुणीतरी काहीतरी विचारत होतं. ती मान खाली घालून उजव्या हाताच्या अंगठ्याने उत्तर लिहू लागली. डावा हात तिने वर धरला होता आणि बोटं बाहेरच्या बाजूला हलत होती. शेजारी बायको खाली बघत साडीच्या निऱ्या सारख्या करत होती.

"अजून मागे," ती फोनकडे बघत म्हणाली. "अजून."

सात. आठ. नऊ.

अंधारात पट्टीवाल्याचाही डावा हात वर होता. दोन्ही हात एकाच ठेक्यात हलत होते.

थांबायचं, असं मोजणीदाराने ठरवलं. पाऊल मागे पडलं. दहा. डोळा भिंगावरून काढावा, वळून बघावं, एवढंच करायचं होतं. ते त्याला जमेना. मागे बघणं आपलं काम नाही, असं त्याच्या मानेलाच वाटत होतं. अकरा.

आज दुर्बीण तिकडे होती. पट्टीच्या टोकाला तो स्वतः होता.

बारा.

तेरा. पट्टीवाला उजेडात आला. उंबऱ्यावर, लेकीच्या खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. पापण्यांवरची धूळ उन्हात चमकली. दहा मीटरचं अंतर घेऊन मोजणीदाराने त्याला नेमकं कुणाशेजारी आणून उभं केलं होतं, ते त्याला दिसलं.

"खूण मी केली होती," तो मोठ्याने म्हणाला. "अगं, ऐकतेस? त्या खाणीवर. तो आपणहून सरकला नव्हता. माझा हात हलत होता."

बायकोने चमकून वर पाहिलं.

पट्टीवाल्याने मूठ मिटली. हात हळूच खाली घेतला. मग पट्टी खांद्यावर टाकली, काम संपल्यावर टाकायचा तशी, आणि वळून दारातून आत गेला. पाठ फिरवलेली मोजणीदाराने पहिल्यांदाच पाहिली.

त्याचा जीव भांड्यात पडला. बावीस वर्षांचं ओझं उतरलं आणि अंग इतकं हलकं झालं की त्याला हसू फुटलं. व्ह्यूफाइंडरमध्ये आता दोघीच होत्या, त्याच्या दोघी, आणि सगळ्या कुंड्या. त्याने बटण दाबलं.

लेकीचा हात अजून हलत होता. मागे, अजून मागे.

तो मागे गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तो मोजत नव्हता.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने मायलेकींना खालच्या घरात बसवलं आणि मांडीवर कागद ठेवून एकेक प्रश्न विचारला. लेक आधी बोलली. ती म्हणाली की बाबा आपणहून मागे सरकले, तिने काही सांगितलं नव्हतं, खूण केली नव्हती. अधिकाऱ्याने आईकडे पाहिलं. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि मान हलवून हो म्हटलं. एक माणूस गेला होता, आता पोरगी उरली होती. कॅमेरा तुटला होता, पण कार्ड शाबूत निघालं. त्यातला शेवटचा फोटो आईने एकदाच पाहिला. ती स्वतः डोळे मोठे करून समोर बघत होती. लेकीची मान फोनमध्ये होती आणि डावा हात वर. तिसरं कुणी नव्हतं. आईने ते कार्ड कुणालाही दाखवलं नाही.

दोन महिन्यांनी गच्चीचा कठडा पुरा झाला. एक कड नीट बसली नव्हती, ती कारागिराला दाखवायला लेकीने वर जाऊन फोनने एक फोटो काढला आणि खाली आईजवळ येऊन बसली. आई आता तिच्याकडेच राहत होती. तिने चष्मा लावून फोन हातात घेतला. ऊन, कुंड्या, नवा कोरा कठडा, आणि त्याच्या अलीकडे, कुंड्यांच्या रांगेत कुणीतरी.

"हा कोण गं?"

लेकीने फोन काढून घेतला. पाहिला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"कुणी नाही," ती म्हणाली. "कठड्याचा कुणीतरी कामगार."

ती तोंड धुवायला उठली तेव्हा फोन टेबलावरच राहिला. आईने घरून आणलेल्या आपल्या सामानातून नवऱ्याची फूटपट्टी काढली. ती कशाला लावायची हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं, पण स्वयंपाकघराच्या दारातून तिने त्याला कितीदा तरी लावताना पाहिलं होतं.

फोटोची उंची सहा सेंटीमीटर. माणूस दोन. त्याच्या गळ्यात कॅमेरा लटकत होता, आणि डावा हात अंगापासून थोडा सुटलेला होता.